बिनगाठीची बाही

मिल्काने अंगठी घालून घ्यायला उजव्या हाताचं बोट पुढे केलं, आणि त्याच क्षणी तिच्या पांढऱ्या पोलक्याची उजवी बाही खांद्यावरून अलगद सुटून कोपरापर्यंत खाली आली.

फाटली असती तरी एकवेळ चाललं असतं. सॅटिनचं कापड, नवरीची गडबड, फाटतं कधी कधी. दोन टाचण्या लावल्या की भागतं. पण बाही फाटली नव्हती, शिवणीतून सुटली होती, आणि नवऱ्याची आई हन्नाबाई रोहेकर, जिच्या नजरेतून तांदळातला खडासुद्धा निसटत नसे, तिने पुढे होऊन लोंबणारा दोरा दोन बोटांत धरला आणि ओढला. दोरा येतच राहिला... वीतभर, हातभर... मुंढ्याच्या सगळ्या टाक्यांतून कुठेही न अडकता सुळकन बाहेर आला, आणि त्याची दोन्ही टोकं नुसती मोकळी होती.

"ह्याला गाठ नाय," हन्नाबाई म्हणाली.

एवढंच म्हणाली ती. पण रोह्याच्या मशिदीत, म्हणजे आम्हा बेने इस्राएल यहुदी लोकांच्या प्रार्थनेच्या जागी, आमची जुनी माणसं तिला मशीदच म्हणतात, तिथे जमलेल्या शंभर माणसांचे चेहरे एकदम पांढरेफटक पडले. लग्न लावणाऱ्या हजानच्या हातातला द्राक्षरसाचा पेला तसाच अधांतरी राहिला. कारण आमच्यातल्या सुई धरणाऱ्या प्रत्येक बाईला एक गोष्ट लहानपणापासून ठाऊक असते. जिवंत माणसाच्या खांद्यावरची जी प्रार्थनेची शाल, सिसिथ, तिच्या गोंड्यांना मोजून गाठी असतात. आणि मेलेल्याच्या अंगावरच्या कफनाला एकही गाठ मारायची नसते. गेलेला जीव कशात अडकून राहू नये म्हणून. बिनगाठीचा टाका हा फक्त मढ्याचा टाका, आणि तो त्या दिवशी नवरीच्या अंगावर निघाला होता.

"कोणी शिवलंय हे पोलकं?" हन्नाबाईने विचारलं.

बायकांच्या घोळक्यात शेवटी उभी होती सिपोरा कासूकर, नवरीची सावत्र आई. पेणला रामवाडीत राहायची, विधवा, लोकांचे कपडे शिवून पोट भरायची. शिवण सुटताना तिने पाहिली. ती बाही कोणाच्या हातची, हे त्या शंभर माणसांत तिला एकटीला ठाऊक होतं! नाव ओठांवर आलं... आणि तिने ते आवंढ्यासारखं गिळलं.

"मी शिवलंय," ती म्हणाली.

मग काय, सावत्र आईने शिवलंय म्हटल्यावर पुढचं कोणी विचारायचं राहिलंच नाही. कोणी म्हणालं, तरी म्हटलं नवरा, शालोम, गेल्यावर ही बाई इतकी गप्प कशी. कोणी म्हणालं, नवऱ्याला खाल्लं, आता पोरीवर उठली. हन्नाबाईने स्वतःच्या अंगावरची शाल काढून सुनेच्या खांद्यावर टाकली, हजानला म्हणाली, "पुढं चालू द्या. मुलीचा काय दोष?" आणि खरोखरच मुलीला तिने त्या दिवसापासून पोटच्या पोरीसारखं धरलं. वाईट बाई नव्हती ती. रागीट होती, पण वाईट नव्हती. फक्त लग्न लागल्यावर सगळ्यांच्या देखत तिने सिपोराला सांगितलं, "तुझं तोंड माझ्या दारात दिसता कामा नाय. आणि माझी सून तुझा उंबरा ओलांडायची नाय."

मिल्का तिथेच उभी होती. एकोणीस वर्षांची पोर, मेंदीचे हात, डोळ्यांतलं काजळ गालांवर आलेलं. नऊ वर्षांची होती तेव्हा सिपोरा त्या घरात आली, आणि दहा वर्षांत या मुलीने तिला एकदाही आई म्हटलं नाही. पोलकी शिवायला येणाऱ्या बायका म्हणायच्या तशी ती सिपोराबाई म्हणायची. त्या दिवशीही तसंच म्हणाली.

"सिपोराबाई, तुमचं मी काय वाईट केलं होतं?"

त्या अहो-जाहोने सिपोराच्या काळजाचं पाणी पाणी झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने पदर सावरला आणि तशीच, उपाशीपोटी, एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसली.

आता खरं काय ते सांगते, म्हणजे तुम्हीही त्या शंभर माणसांसारखं तिला बोल लावायचा नाहीत.

मिल्काची सख्खी आई रिबका मिल्का सात वर्षांची असताना गेली. जाताना तिने आपल्या आईचा, एसूबाईचा, हात धरून वचन घेतलं होतं, "माझ्या पोरीच्या लग्नाचं पोलकं तू तुझ्या हातानं शिव." एसूबाई म्हणजे पेणच्या आमच्या वस्तीतली सुईकामातला शेवटचा शब्द. आणि तिच्याकडे आणखी एक काम होतं जे दुसरं कोणी घेत नसे. कोणाकडे माणूस गेलं की आधी एसूबाईला बोलावणं जायचं. ती हात धुऊन यायची, पांढरं कापड मांडीवर घ्यायची, आणि कफन शिवायची... लांब टाके, गाठ नाही. चाळीस वर्षं तिने हे केलं. पेणमधल्या आमच्या अर्ध्या माणसांना तिने शेवटचे कपडे घातले, आणि त्याबद्दल कोणाकडून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

जावई शालोम वारला तेव्हा लोकांना वाटलं, सिपोरा आता या म्हातारीला वाट दाखवील. सवतीची आई, आणि तीही मेलेल्या सवतीची, कोण सांभाळतं? पण सिपोरा तिला आई म्हणायची आणि खरोखर आईसारखंच बघायची. तिला स्वतःला आई आठवत नव्हती, मूल झालं नव्हतं. जे होतं ते या दोघी, एक म्हातारी आणि एक पोर.

लग्न ठरलं तेव्हा एसूबाई पंच्याहत्तरीला पोचली होती, नजर गेली होती, आणि डोकंही थोडं थोडं साथ सोडत होतं. तरी एके दुपारी तिने सिपोराला जवळ बसवलं. "पोलकं मी शिवणार. मिल्काला सांगू नको, ती नको म्हणेल, म्हणेल आजी तुला दिसत नाय. लग्न होऊन पयल्यांदा घरी येईल तेव्हा मी सांगेन तिला, बघ, तुझ्या आयेला दिलेला शब्द पाळला." हे बोलताना म्हातारीचा चेहरा असा काही फुलला होता, की नाही म्हणायची सिपोराची छाती झाली नाही.

आठ दिवसांनी पोलकं तयार झालं. टाके कसे, मोत्यासारखे! सिपोराने कौतुकाने शिवण चाचपली आणि तिच्या अंगावर काटा आला. गाठ नव्हती. एकाही शिवणीला नव्हती. चाळीस वर्षं पांढऱ्या कापडावर जे केलं तेच म्हातारीचे हात करत राहिले होते. पांढरं कापड मांडीवर आलं की गाठ नाही, एवढंच त्या हातांना माहीत होतं. मन विसरलं तरी हात विसरत नाहीत, त्यांना कोण सांगणार?

सिपोरा काही बोलली नाही. म्हातारी दुपारची झोपली की ती एकेक शिवण उसवायची आणि त्याच भोकांतून तसेच टाके घालून गाठी मारून पुन्हा शिवायची. तीन दुपारी गेल्या, सगळं पोलकं पक्कं झालं. आणि निघायच्या दिवशी सकाळी, सिपोरा फराळाचे डबे बांधत असताना, एसूबाईने ते पोलकं एकदा शेवटचं बघायला म्हणून मागून घेतलं. तिला वाटलं, उजवी बाही जराशी पुढे आलीय. तिने ती उसवली आणि नीट बसवली... आपल्या पद्धतीने. घडी करून पेटीत ठेवली. सिपोराने पेटी उचलली ती तशीच, उघडून पाहिली नाही. पुढे आयुष्यभर ती स्वतःला हेच विचारत राहिली, की का नाही पाहिलं?

लग्नाहून ती परत आली तेव्हा म्हातारी ओट्यावर वाट बघत होती. प्रवास झेपणार नाही म्हणून तिला शेजारच्या बायजाकडे सोपवलं होतं. "कसं दिसलं गो पोलकं?" तिने विचारलं.

"आई, सगळी मशीद बघत राहिली," सिपोरा म्हणाली. आणि ते काही खोटं नव्हतं.

चार वर्षं गेली. मिल्का पेणला आली नाही. एसूबाईच्या डोक्यातले दिवस हळूहळू एकमेकांत मिसळून गेले; मिल्काचं लग्न झालं हेच ती विसरली. रोज सकाळी विचारायची, "लग्न जवळ आलं ना गो? पोलकं शिवायचं हाय." सिपोरा तिला पांढऱ्या कापडाचा तुकडा द्यायची, म्हातारी दिवसभर शिवत बसायची, सिपोरा ते बाजूला ठेवून दुसरा तुकडा द्यायची. पण महिन्या-दोन महिन्यांतून एखादा दिवस असाही यायचा की एसूबाईला सगळं लख्ख आठवायचं, कोण गेलं, कोण राहिलं, कोणाचं काय झालं. त्या दिवसांची सिपोराला धास्ती वाटायची.

आणि रोह्याला पार्सलं जायची, आजीच्या नावाने. मिल्काला मुलगी झाली तेव्हा झबलं आणि टोपी गेली, पहिल्या थंडीला लोकरीचा स्वेटर, शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, मेजावर भाकरीवर घालायला क्रोशाचं झाकण. एसूबाई सुरू करायची, मध्येच टाके विसरायची, सिपोरा सगळं उसवून पुन्हा विणायची आणि चिठ्ठीत लिहायची, "आजीने पाठवलंय, आजीचा आशीर्वाद." स्वतःचं नाव कधी लिहिलं नाही. उलट उत्तर यायचं, "आजीला सांगा, स्वेटर दोन वर्षं झाली तरी एक टाका हलला नाही." ते वाचून सिपोरा स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर घेऊन रडायची, आणि मग बाहेर येऊन म्हातारीला मोठ्याने वाचून दाखवायची.

मग एक दिवस वेगळीच चिठ्ठी आली. मिल्काचा नवरा रूबेन सगळं बिऱ्हाड घेऊन इस्राएलला निघाला होता, मुंबईहून बोटीने, पंधरा दिवसांत. हन्नाबाईही जाणार होती. मिल्का जाण्याआधी आजीच्या पाया पडायला तेवढी तासभर येणार होती. खाली एक ओळ होती, "सिपोराबाई समोर नसतील तर बरं."

सिपोराने ती ओळ तीनदा वाचली. पोर समुद्रापलीकडे चालली होती... पुन्हा या जन्मी दिसायची नव्हती, आणि जाताना मनात काय घेऊन चालली होती? की माझ्या सावत्र आईने लग्नात मला कफन नेसवलं. एक शब्द बोललं असतं तर सगळं फिटलं असतं. पण तो शब्द म्हणजे म्हातारीच्या चाळीस वर्षांवर काजळी. सिपोराने मनाशी ठरवलं, की आपण मागच्या दाराशी बसू. आवाज तर ऐकू येईल.

ठरल्या दिवसाच्या आदल्याच दिवशी, दुपारी, मिल्का आणि हन्नाबाई आल्या. बोटीच्या कागदांसाठी रूबेनला दुसऱ्या दिवशी मुंबईला जायचं होतं, म्हणून हन्नाबाईने घाई केली होती. सिपोरा तेव्हा पाटा धूत होती. ओट्यावर चपलांचा आवाज झाला, हन्नाबाईचा आवाज आला, "मी हितंच बसते. तू जाऊन ये." आणि सिपोरा ओल्या हातांनी तशीच न्हाणीच्या दाराआड सरकली. मग तिला आठवलं, की आजचा पांढरा तुकडा म्हातारीच्या मांडीवरच आहे. पण आता बाहेर जायचं कसं?

"आजी," मिल्का म्हणाली. "ओळखलंस मला?"

"कोण गो तू? पोलकं शिवायला आलीस? सिपोरा मागं असेल बघ."

"मी मिल्का, आजी. रिबकाची मिल्का."

"नाय गो," एसूबाई हसली. "मिल्का शाळेत गेलीय. लगीन हाय तिचं. हे बघ, तिचंच पोलकं शिवते. हळू बोल हां, तिला कळायचं नाय. तिच्या आयेला शब्द दिलाय मी, मरताना."

सिपोराने दाराच्या फटीतून पाहिलं. मिल्का जमिनीवर म्हातारीच्या पायाशी बसली होती, तिच्या हातात पांढऱ्या कापडाची बाही होती, सुई अजून टोकाला लटकत होती. तिने सहज म्हणून, कौतुकाने म्हणून, शिवणीवरून बोट फिरवलं, दोऱ्याचं टोक तिच्या चिमटीत आलं, आणि ती थबकली. मग तिने ते हळूच ओढलं. दोरा आला. वीतभर, हातभर... कुठेही न अडकता.

सिपोराने डोळे मिटून घेतले.

"आजी..." मिल्काचा आवाज ओळखू येत नव्हता. "आजी, ह्याला गाठ का मारली नाय?"

"गाठ?" एसूबाईला प्रश्नच कळला नाही. "पांढऱ्या कापडाला कोण गाठ मारतं, बाय? मी कधी मारली नाय. चाळीस वर्षांत एक मारली नाय."

मिल्का उठली. तिला कुठे जायचं ते कळत नसावं, कारण ती आधी भिंतीकडे गेली, मग खिडकीकडे. खिडकीखाली सिपोराची शिवणाची टोपली होती. टोपलीत पांढऱ्या तुकड्यांची चवड होती, चार वर्षांची. आणि वर एक लहान फ्रॉक होता, बोटीवर थंडीत घालायला म्हणून अर्धा विणलेला. फ्रॉकचा डावा भाग एसूबाईच्या हातचा, सैल, टाके गळालेले. उजवा भाग घट्ट, एकसारखा. त्याच विणीचा स्वेटर मिल्काच्या मुलीच्या अंगावर दोन वर्षं होता, आणि त्याचा एक टाका हलला नव्हता. मिल्का त्या दोन भागांकडे किती तरी वेळ बघत राहिली.

मग ती न्हाणीचं दार ढकलून आत आली. सिपोरा ओल्या हातांनी भिंतीला टेकून उभी होती, चोरी पकडल्यासारखी.

"तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात," मिल्का म्हणाली.

"हळू बोल."

"सगळ्यांसमोर... चार वर्षं... मी तुम्हाला काय काय म्हटलं. मनात तर त्याच्या दसपट म्हटलं. आणि तुम्ही इथं बसून माझ्या पोरीचे कपडे विणत होतात. का? का नाय बोललात?"

"हळू बोल गो, तिला ऐकू जाईल." सिपोराने तिचं मनगट धरलं. दहा आणि चार, चौदा वर्षांत पहिल्यांदा धरलं असेल. "कधी कधी तिला सगळं आठवतं. अशा दिवशी जर तिला कोणी सांगितलं, की तुझ्या हातानं नातीच्या लग्नात कफनाचा टाका गेला, तर ती तिथंच संपेल. आणि लोकं? तिच्या हातून ज्यांनी आपली माणसं सजवून घेतली, ती लोकं काय म्हणतील? तिच्याकडं दुसरं काय राहिलंय, मिल्का? माझं काय, मी तर सावत्रच. मला बोल लागले तर ते कोणाला नवीन वाटत नायत."

मिल्काला हुंदका फुटला. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं, आवाज आत कोंडला, आणि ती सिपोराच्या ओल्या पदरात तोंड खुपसून रडली, लहान पोरीसारखी अंग गदगदवून. नऊ वर्षांची असताना ती अशी रडायची ती पांघरुणात, एकटी. सिपोरा दाराशी उभी राहून ऐकायची आणि जवळ जायची हिंमत व्हायची नाही. आज तिने तिच्या केसांवरून हात फिरवला. तिला वाटलं, आता पोर जाऊ दे समुद्रापलीकडे, माझं मागणं संपलं.

"मी आत्ता बाहेर जाऊन सांगते," मिल्का म्हणाली. "सगळ्या रोह्याला सांगते."

"तुला तुझ्या आईची शपथ हाय."

"मग तुम्ही अशाच राहणार? कायमच्या?"

"मला काय होतंय? मी कुठं बोटीत बसून जातेय? तू समजलीस, पुरे झालं मला. शपथ घे."

मिल्काने डोळे पुसले. मग म्हणाली, "घेतली. आजीचं नाव मी कधी काढणार नाय." आणि सिपोराच्या हाताला धरून तिला ओढतच बाहेर नेलं, माजघरातून, म्हातारीच्या समोरून, थेट ओट्याच्या दारापर्यंत.

ओट्यावर हन्नाबाई पाठ करून बसली होती. सिपोराला सुनेसोबत बघून ती ताडकन उठली. "हे काय? मी काय सांगितलं होतं तुला?"

"मामी," मिल्का म्हणाली, सासूला ती मामी म्हणायची, "मला तुम्हाला एक सांगायचंय. परदेशी जायच्या आधी सांगितलं नाय तर ते ओझं घेऊन बोटीत चढावं लागेल." सिपोराला वाटलं, ही आता शपथ मोडणार. "लग्नाच्या दिवशी बाहीचा दोरा मी बदलला होता."

हन्नाबाई एक पाऊल पुढे आली.

"सिपोराबाईंनी पोलकं नीट शिवलं होतं. गाठी मारून. सकाळी मशिदीत कपडे घालताना मीच बाही उसवली आणि बिनगाठीची टाचली. सगळ्यांसमोर ह्यांची नाचक्की व्हावी म्हणून. मला ह्या घरात नको होत्या, माझ्या आईच्या जागी. ह्यांना ते कळलं, आणि माझा संसार मोडू नये म्हणून त्यांनी आळ अंगावर घेतला. दोष माझा हाय, मामी. सगळा माझा."

सिपोराला वाटलं, आपल्या कानांत काहीतरी बिघडलं. ती ओरडायला गेली, की खोटं, हे सगळं खोटं आहे... आणि थांबली. काय सांगणार होती ती? बाही मिल्काने उसवली नाही, मग कोणी? मागे माजघरात म्हातारी सुईत दोरा ओवत बसली होती. ज्या शपथेत तिने पोरीला बांधलं, त्याच शपथेत ती स्वतः अडकली होती. आणि मिल्काने तिचा हात इतका घट्ट दाबला होता की बांगड्या रुतत होत्या.

हन्नाबाई मटकन खाली बसली. ज्या सुनेला तिने चार वर्षं पोटच्या पोरीसारखं जपलं, तीच अशी निघाली. आणि आता याच सुनेबरोबर परमुलखात, ओळखीचं माणूस नसलेल्या जागी, उरलेलं आयुष्य काढायचं होतं. तिने मिल्काकडे पाहिलं, आणि त्या नजरेत जे होतं ते बघून सिपोराचं काळीज चिरलं. मिल्काने मान खाली घातली नाही.

"एवढं विष," हन्नाबाई हळूच म्हणाली. "एवढ्याशा पोरीच्या पोटात. आणि मी... मी चार वर्षं ह्या बाईला..."

ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. चप्पल काढली आणि सिपोराच्या घराचा उंबरा ओलांडून आत आली. हात जोडायला गेली, तर सिपोराने ते धरले.

"नको, हन्नाबाई. मोठ्या आहात तुम्ही."

"मोठी कसली. आंधळी मी." तिचे डोळे वाहत होते. "रविवारी घरी नवसाचा मलिदा ठेवलाय, प्रवास सुखरूप होवो म्हणून. वाटेत सांभाळणाऱ्या एलियाहू हनाबीचं नाव घ्यायचं. तू यायचंस. पयलं ताट मी तुझ्या हातात देणार, सगळ्या रोह्यासमोर. त्या दिवशी ज्यांनी ज्यांनी ऐकलं ते सगळे असतील."

"आणि मिल्का?" सिपोराने विचारलं. "तिला रागावू नका. तेव्हा लहान होती ती."

"तिचं मी बघते," हन्नाबाई म्हणाली, आणि सुनेकडे न बघता बाहेर गेली.

मिल्का आत गेली, आजीच्या पाया पडली. म्हातारीने तिला, कोण कुठली पाहुणी म्हणून, तोंडभर आशीर्वाद दिला. मिल्काने तिच्या मांडीवरची ती पांढरी बाही मागून घेतली, चौघडी करून पोलक्याच्या आत, छातीशी ठेवली. दाराशी आली तेव्हा सिपोरा उभीच होती.

"का केलंस असं?" ती कुजबुजली. "आता जन्मभर ती तुला टोचत राहील. परमुलखात. मी तिथं नसणार."

"टोचू दे." मिल्काने डोळे पुसले, आणि तशाही अवस्थेत जराशी हसली. "तुम्हाला चार वर्षं जमलं ते मला जमणार नाय व्हय? रविवारी या. आजीलाही आणा, जमलं तर." मग उंबऱ्याबाहेर एक पाय टाकून थांबली. "येते मी, आई."

एस.टी. वडखळच्या रस्त्याला लागल्याचा आवाज विरेपर्यंत सिपोरा ओट्यावर उभी होती. मग आत आली. नुसतं बसवेना म्हणून तिने अर्धवट फ्रॉक मांडीवर घेतला आणि म्हातारीने सैल सोडलेला डावा भाग उसवायला लागली. रविवारपर्यंत पुरा करायचा होता.

एसूबाई बराच वेळ दाराकडे बघत होती.

"कोण होती गो ती?"

सिपोराच्या तोंडून नेहमीचं उत्तर निघणार होतं, की मिल्का, तुझी नात. पण म्हातारी पुन्हा म्हणाली असती, मिल्का शाळेत गेलीय. तिने फ्रॉक खाली ठेवला.

"माझी लेक," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा म्हणाली.

"तरीच," एसूबाईने मान डोलवली आणि दुसरा पांढरा तुकडा उचलला. "अगदी तुझ्यावर गेलीय."